बाळ सारखे रडते म्हणजे दूध कमी पडते का? २४ दिवसांच्या मुलीच्या आईला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो थोडक्यात असा. मुलगी २४ दिवसांची आहे, पूर्ण दिवसांची जन्मली, जन्मवजन २ किलो ९०० ग्रॅम होते आणि पंधराव्या दिवशीच्या तपासणीत ते ३ किलो भरले; त्यानंतर वजन केलेले नाही. ती फक्त अंगावर पिते आणि दिवसातून सात-आठ वेळा लघवी करते. दिवसभर बरी असते, पण संध्याकाळी सहाच्या सुमारास जी रडायला लागते ती दहा-साडेदहापर्यंत शांत होत नाही. या वेळात ती दर अर्ध्या तासाने पाजायला घ्यावी लागते, दोन मिनिटे ओढते, सोडते आणि पुन्हा रडते. मांडीवर झोपलेली मुलगी पाळण्यात ठेवताच जागी होते. रात्री झोपेत कण्हते, कुंथते, हातपाय झाडते, म्हणून तुम्ही तिला दर वेळी उचलून घेता. तुमच्या आईंच्या मते दूध पुरत नाही आणि पावडरचे दूध सुरू करावे. सासूबाईंनी गुटी द्यायला सांगितले आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिले आहे की, ‘मला माझ्याच बाळाचे काही कळत नाही.’

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतली बाळे आणि त्यांच्या आया यांच्याबरोबर जातो. माझ्या मते तुमच्या घरातली खरी अडचण अशी आहे की सगळे जण एकाच गोष्टीवरून, म्हणजे रडण्यावरून, वेगवेगळे निष्कर्ष काढत आहेत. आईंना त्यात दुधाची कमतरता दिसते, सासूबाईंना पोटदुखी दिसते आणि तुम्हाला स्वतःची असमर्थता दिसते. दूध पुरते की नाही हे ठरवण्याची साधने वेगळी आहेत आणि बाळाचे वागणे समजून घेण्याची वेगळी. ती दोन्ही वेगळी ठेवली की गोंधळ बराच कमी होतो, म्हणून मी आधी दुधाचा प्रश्न घेतो आणि मग तिच्या वागण्याकडे वळतो.

त्याआधी एक अट स्पष्ट करायला हवी. पुढे मी जे लिहितो आहे ते पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला लागू आहे. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेले, जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असलेले किंवा कावीळ, जंतुसंसर्ग अशा कारणांनी नवजात कक्षात राहिलेले बाळ भुकेचे संकेत पुरेसे स्पष्ट देईलच असे नसते. अशा बाळाला घड्याळ बघून, झोपेतून उठवूनही पाजावे लागते, आणि त्याच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचा सल्ला माझ्या सर्वसाधारण लिहिण्यापेक्षा मोठा मानावा.

आता दूध. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन घटते. सात ते दहा टक्क्यांपर्यंतची घट अपेक्षित मानली जाते आणि दहा ते चौदा दिवसांत बाळ पुन्हा जन्मवजनावर येते. तुमची मुलगी पंधराव्या दिवशी जन्मवजनाच्या शंभर ग्रॅम पुढे होती, म्हणजे तोवर दूध पुरत होते याविषयी मला शंका वाटत नाही. त्यानंतर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ व्हायला हवी. या हिशेबाने आज तिचे वजन ३ किलो १८० ते ३ किलो २७० ग्रॅमच्या आसपास असायला हवे. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा त्याहून अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होणे हा दुसरा पुरावा, आणि तो तुमच्याकडे रोज समोर आहे. शी किती वेळा होते यावर मात्र फार विसंबू नका. या वयात काही बाळे प्रत्येक पाजण्यानंतर करतात, काही दिवसातून दोनदाच करतात, आणि महिन्याभरानंतर अंगावर पिणारे बाळ तीन-चार दिवसही न करता व्यवस्थित असू शकते.

दूध कमी झाले असे वाटायला लावणाऱ्या काही गोष्टी नेमक्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घडतात आणि त्या मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. सुरुवातीला स्तन भरून कडक होतात. पुढे शरीर बाळाच्या गरजेइतकेच दूध तयार करू लागते आणि स्तन मऊ राहतात. पुष्कळ आयांना वाटते की दूध आटले, वास्तविक तो बसलेल्या घडीचा भाग असतो. पंपाने किंवा हाताने काढून किती दूध निघते यावरूनही काही ठरवता येत नाही, कारण बाळ जितक्या कुशलतेने दूध ओढते तितके पंप ओढू शकत नाही. आणि पावडरचे दूध पाजल्यावर बाळ तीन तास झोपले, म्हणजे आधी ते उपाशी होते, असेही सिद्ध होत नाही. बाटलीने एकदम जास्त दूध पोटात जाते आणि ते पचायला वेळ लागतो. दूध तयार होणे हे दूध बाहेर निघण्यावर अवलंबून असते. संध्याकाळचे एक पाजणे बाटलीवर गेले की त्या वेळची मागणी कमी होते, काही दिवसांत दूध खरोखरच कमी होते, आणि मग जे भाकीत केले होते तेच खरे ठरल्यासारखे दिसते. वजन वाढत नसेल तर वरचे दूध द्यावे लागू शकते, त्यात कमीपणा काहीही नाही. पण तो निर्णय वजनकाट्यावर व्हावा, संध्याकाळच्या रडण्यावर होऊ नये.

आता तिच्या वागण्याकडे येऊ. नवजात बाळाला मोठे लोक दोनच स्थितींत पाहतात, झोपलेले किंवा जागे, आणि त्यामुळेच त्याचे वागणे अगम्य वाटते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रॅझल्टन यांनी १९७३ साली नवजात बाळाचे वर्तन तपासण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात बाळाच्या सहा अवस्था धरल्या आहेत: गाढ झोप, हलकी झोप, पेंग, शांत जाग, अस्वस्थ जाग आणि रडणे. माझ्या रोजच्या कामात याइतके उपयोगी पडणारे दुसरे ज्ञान क्वचितच असेल, कारण बाळ आत्ता कोणत्या अवस्थेत आहे हे कळले की आत्ता काय करावे आणि काय करू नये हे बहुतेक वेळा आपोआप कळते.

हलक्या झोपेपासून सुरुवात करतो, कारण तुमचे दोन प्रश्न तिच्यातच दडलेले आहेत. नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते, पण त्यातली जवळजवळ निम्मी झोप ही हलकी झोप असते. या झोपेत बाळाकडे नीट निरखून पाहा. पापण्या मिटलेल्या असतात, पण त्यांच्या आत बुबुळे सरकताना दिसतात. श्वास कधी भराभर चालतो, कधी पाच-सात सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो. कपाळाला आठी पडते, ओठ चोखल्यासारखे हलतात, एका बाजूने हसू उमटते आणि लगेच चेहरा रडवेला होतो. हात उडतात, पाय पोटाशी येतात, कण्हल्याचा, कुंथल्याचा, कधी तर चक्क किंचाळल्याचा आवाज येतो. आपल्याकडे जुन्या बायका अशा बाळाकडे बघून ‘सटवाई हसवते, सटवाई रडवते’ असे म्हणतात. त्यांचे निरीक्षण अचूक आहे, हसणे-रडणे झोपेतलेच असते आणि बाळ त्या वेळी जागे नसते. तुम्ही नेमक्या याच वेळी तिला उचलता, दिवा लावता, पाजायला घेता, आणि हलकी झोप संपून पुन्हा गाढ झोपेत शिरण्याच्या ऐवजी ती पुरती जागी होते. रात्री आवाज आला की आधी डोळे पाहा. मिटलेले असतील तर हात न लावता एक-दोन मिनिटे थांबा. डोळे उघडले, तोंड शोधू लागली, आवाज सलग वाढू लागला, तर उचला. या एवढ्या थांबण्याने तुमच्या झोपेचा बराचसा तुकडा परत मिळेल.

पाळण्यात ठेवताच ती जागी का होते, याचेही कारण इथेच आहे. मोठी माणसे झोपताना आधी शांत झोपेत उतरतात. नवजात बाळ बहुधा हलक्या झोपेतून सुरुवात करते आणि मग गाढ झोपेत जाते. मांडीवर डोळे मिटले म्हणून लगेच खाली ठेवले तर ती हलक्या झोपेतच असते, आणि डोके थोडे जरी खाली गेले तरी दचकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया होऊन दोन्ही हात फाकतात व ती जागी होते. पंधरा-वीस मिनिटे थांबा. तिचा हात हळूच उचलून सोडा. तो सैल पडला, श्वास एकसारखा चालू लागला, बुबुळे स्थिर झाली, की ती गाढ झोपली आहे. मग आधी बूड टेकवा, नंतर पाठ, सर्वांत शेवटी डोके, आणि तुमचा हात तिच्या छातीवर मिनिटभर तसाच राहू द्या. जागा सपाट असावी आणि तिला पाठीवरच झोपवावे. मोहरीची उशी, जाड गोधडी, तोंडाजवळ येणारे दुपटे यांची गरज नाही. कापडाची झोळी खोलगट असेल तर हनुवटी छातीवर टेकून श्वासाला अडथळा होऊ शकतो, म्हणून एवढ्या लहान बाळाला तिच्यात दीर्घकाळ ठेवू नये. गुंडाळायचे असेल तर हात बांधलेले चालतात, पाय मात्र गुडघ्यात वाकून बाहेरच्या बाजूला मोकळे हलले पाहिजेत, कारण पाय सरळ ताणून बांधल्याने खुब्याच्या सांध्याला अपाय होण्याचा धोका वाढतो.

पेंगेची अवस्था थोडक्यात सांगतो: डोळे अर्धवट, नजर निस्तेज, हालचाल संथ. या वेळी बोलणे-खेळवणे थांबवले तर बाळ झोपेकडे जाते आणि उचलून बोलू लागले तर जागे होते. दोन्हींपैकी तुम्हाला काय हवे आहे ते तुम्ही ठरवू शकता.

शांत जाग ही तुमच्या शेवटच्या वाक्याचे उत्तर देणारी अवस्था आहे. बाळाचे डोळे चमकदार उघडे असतात, शरीर जवळजवळ स्थिर असते, श्वास नियमित असतो. या वयात ही अवस्था एका वेळी काही मिनिटेच टिकते आणि बहुधा पाजून झाल्यावर येते; नेमक्या तेव्हा आपण लंगोट बदलायला किंवा तेल लावायला घेतो आणि ती निघून जाते. अशी वेळ दिसली की तिला मांडीवर समोर घ्या, तुमचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून २० ते ३० सेंटीमीटरवर, म्हणजे पाजताना असतो तेवढ्याच अंतरावर ठेवा, कारण तिला सर्वांत स्पष्ट तिथेच दिसते. काही न बोलता थोडे थांबा. मग हळू आवाजात तिच्याशी बोला आणि डोके सावकाश एका बाजूला न्या; नजर मागोमाग येईल. नंतर कोणाला तरी तिच्या एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला बसून दोघांनी एकाच वेळी हाक मारा. बहुतेक बाळे आईकडे वळतात. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दाखवले होते की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा स्वतःच्या आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. मी दवाखान्यात आईला हे करून दाखवतो तेव्हा पुष्कळदा तिचा आपल्या बाळाकडे बघण्याचा सूर तिथल्या तिथे बदलतो. तुम्हाला बाळाचे काही कळत नाही असे तुम्हाला वाटते. तिला मात्र तुम्ही कळलेल्या आहात, आणि तुमचेही कळणे रोज थोडे थोडे वाढतेच आहे.

अस्वस्थ जाग ही रडण्याच्या अलीकडची पायरी आहे आणि तिथे दोन प्रकारचे संकेत मिळतात. भुकेचे संकेत सर्वांना थोडेफार माहीत असतात: जीभ बाहेर काढणे, मूठ तोंडात नेणे, गालाला काही लागले की त्या बाजूला तोंड वळवून शोधणे. रडणे हा भुकेचा उशिरा येणारा संकेत आहे, आणि रडून लाल झालेले बाळ नीट छातीला लागत नाही, म्हणून आधीच्या संकेतांवर पाजायला घेणे सोपे जाते. दुसरा प्रकार थकल्याचा, ‘आता पुरे’ असे सांगणारा, आणि तो घराघरांत निसटतो: नजर फिरवणे, मान वळवणे, बोटे फाकवणे, पाठ ताणणे, लागोपाठ शिंका, जांभया किंवा उचकी, कातडीवर चट्टे-चट्टे दिसणे. बारशाच्या दिवशी हे अगदी जवळून पाहायला मिळते. बाराव्या दिवसाचे बाळ पाळण्यातून काढून एकामागून एक दहा जणींच्या हातांत जाते, प्रत्येक जण तोंडाशी तोंड नेऊन टाळ्या वाजवते, बाळ मान फिरवते, उचकी देते, डोळे मिटून घेते, आणि सगळ्यांना वाटते की किती शांत बाळ आहे. त्याच रात्री ते दोन तास रडते आणि दृष्ट लागली असे ठरते. दृष्ट काढल्याने बाळाचे काही नुकसान होत नाही, जरूर काढावी. फक्त त्यानंतर खोलीतला दिवा मंद करावा, माणसे कमी करावीत आणि बाळाला एकाच व्यक्तीकडे राहू द्यावे.

आता संध्याकाळचे रडणे. ब्रॅझल्टन यांनीच १९६२ साली ८० बाळांच्या आयांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. त्यांत दिसले की निरोगी बाळांचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त म्हणजे दिवसाला सुमारे पावणेतीन तासांपर्यंत पोहोचते, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत बरेच उतरते. त्यातला मोठा भाग संध्याकाळी येतो. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की पुढचे दोन-अडीच आठवडे हे रडणे कदाचित वाढेल. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. माहीत नसेल तर दर दोन दिवसांनी नवा उपाय सुरू होतो, आणि दहाव्या आठवड्यात रडणे आपसूक कमी झाले की शेवटच्या उपायाला श्रेय मिळते.

संध्याकाळी वारंवार पिण्याची मागणी हीसुद्धा या वयात नेहमी दिसते. या वेळी ती जितके वेळा मागेल तितके वेळा घ्या. ती रात्रीच्या थोड्या लांब झोपेआधी पोट भरून घेत असते. पण दोन मिनिटे ओढून सोडते आणि पाठ ताणून रडते, अशा वेळी तोच स्तन पुन्हा पुन्हा तोंडात देऊ नका. त्या क्षणी तिला बहुधा दूध नको असते, शांत होण्यासाठी मदत हवी असते. खोलीत अंधार करा, टीव्ही बंद करा, तिला फक्त लंगोटावर तुमच्या उघड्या छातीशी उभी धरा, वरून दुपटे घ्या आणि एकाच लयीत हळू चाला. एक उपाय किमान पाच मिनिटे टिकवा. झुलवणे, थोपटणे, खुळखुळा, गाणे, बाहेर नेणे असे सगळे मिनिटा-मिनिटाला बदलत राहिले तर थकलेल्या बाळावर आणखी भार पडतो. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे उर्स हुन्झिकर आणि रोनाल्ड बार यांनी १९८६ साली केलेल्या अभ्यासात, रडू लागण्याची वाट न पाहता दिवसभरात जास्त वेळ कडेवर घेतलेली बाळे सहा आठवड्यांच्या वयात ४३ टक्के कमी रडली. आधीच फार रडणाऱ्या बाळांत नंतरच्या अभ्यासात असा फरक दिसला नाही, त्यामुळे मी खात्री देत नाही. पण ‘हाताची सवय लागेल’ या भीतीने तिला दिवसा खाली ठेवत असाल तर ती भीती सोडून द्या. चोवीस दिवसांच्या बाळाला वाईट सवय लागत नाही.

काही संध्याकाळी यातले काहीही चालणार नाही. तेव्हा तिला आईंच्या हाती द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. तुमच्या अंगाला दुधाचा वास येतो, म्हणून तुमच्याजवळ ती तोंड शोधत राहते. आजीच्या खांद्यावर पुष्कळदा लवकर निवते. घरात कोणी नसेल आणि तुमचा संताप होऊ लागला, तर तिला सपाट जागी पाठीवर ठेवून, दार ओढून पाच मिनिटे बाहेर बसा. रडण्याने तिला इजा होणार नाही. बाळाला रागाने गदागदा हलवण्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि ही गोष्ट बाळाला हातात घेणाऱ्या प्रत्येकाला, तिच्या बाबांनाही, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवायला हवी.

सासूबाईंनी सुचवलेल्या गुटीविषयी माझे मत ठाम आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मी तंतोतंत पाळायला सांगतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे व ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे वेगळे. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळून ‘एक वेढा, दोन वेढे’ अशा मापाने दिले जाते. त्यात मात्रा नेमकी किती गेली हे कोणालाच कळत नाही, सहाण आणि पाणी निर्जंतुक नसते, आणि जायफळाने गुंगी येऊन बाळ शांत वाटले तरी ते दूध ओढायला उठत नाही. मध चाटवू नका, कारण त्यातील जिवाणूंमुळे एक वर्षाखालील बाळाला स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. धुरीचा धूर बाळाच्या श्वासनलिकेला सोसत नाही. राहिले कुंथणे: चेहरा लाल करून, पाय पोटाशी घेऊन कुंथते आणि मऊ शी होते, तर ती बद्धकोष्ठता नव्हे. पोटाने जोर लावताना खालचा स्नायू सैल सोडायचा असतो, तो मेळ तिला अजून साधायचा आहे. काही आठवड्यांत साधतो.

हे घरात सांगायचे कसे, हा वैद्यकीय प्रश्न नसला तरी खरा प्रश्न आहे. आईंना आणि सासूबाईंना ‘तुमचे चुकते’ असे सांगून काही होणार नाही, आणि त्यांचा अनुभव खोटाही नाही. मालीश, अंघोळ, संध्याकाळी खांद्यावर घेऊन फिरणे, अंगाई गाणे, तुमचे जेवण वेळेवर होईल हे पाहणे ही कामे त्यांच्याइतकी चांगली कोणी करू शकत नाही. ती त्यांच्याकडे पूर्णपणे द्या. पोटात काय जावे हे वजनाचा आकडा दाखवून ठरवा. पुढच्या भेटीला आईंना बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांनाच हे बोलू द्या. मी स्वतः आजीला समोर बसवून बोलतो, कारण घरी परतल्यावर रात्री अकरा वाजता निर्णय बहुधा तीच घेणार असते.

तुमच्याबद्दल थोडे. प्रसूतीनंतर पहिल्या दोन आठवड्यांत कारण नसताना रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींना होते आणि ओसरते. दोन आठवडे उलटल्यावरही दिवसाचा बराच वेळ उदास वाटत असेल, बाळ झोपलेले असतानाही झोप लागत नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हा उपचाराने बरा होणारा आजार असू शकतो आणि तो डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो. इजेचे विचार येत असतील तर एकटे राहू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि आता ज्या गोष्टींत वाट पाहायची नाही त्या. बाळाने एकाएकी दूध ओढणे कमी करणे किंवा सोडणे, उठवूनही न उठणे, हातापायांत जोर नसणे, झटके, शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजल्यास श्वास ६० किंवा अधिक असणे, छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, वीस सेकंदांहून अधिक श्वास थांबणे किंवा ओठ निळे पडणे, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, किंवा शी पांढरट होणे, तळहात-तळपाय पिवळे दिसणे, आणि नेहमीपेक्षा वेगळ्या, तीक्ष्ण आवाजाचे, कशानेही न थांबणारे रडणे. काखेत तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा अधिक आले तर दुपटी-टोपडे सैल करून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा; तेवढेच राहिले, कधीही ३८ आले, किंवा ३५.५ च्या खाली गेले, तर घरी औषध न देता लगेच रुग्णालयात न्या. यांपैकी बरीच लक्षणे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना ओळखायला शिकवली होती, आणि घरच्या घरी केलेल्या नवजात देखभालीने बालमृत्यू किती कमी होतात हे त्यांच्या १९९९ सालच्या शोधनिबंधातून जगापुढे आले. आज आशाताई ज्या गृहभेटी देतात त्या याच विचारातून आल्या आहेत. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. तुमच्या माहेरी आशाताई येत असतील तर २८ व्या दिवसाची भेट चार दिवसांवर आली आहे, आणि तापमान, श्वास कसे मोजायचे हे त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकून घेता येईल.

वजनासाठी मात्र चार दिवस थांबू नका. उद्या, ज्या दवाखान्यात पंधराव्या दिवशी वजन केले त्याच काट्यावर, सर्व कपडे आणि लंगोट काढून वजन करा. वेगवेगळ्या काट्यांत शंभर ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि तुमचा सगळा हिशेबच मुळी अडीचशे ग्रॅमचा आहे. ३ किलो १८० च्या पुढे असेल तर वरचे दूध लागत नाही. पुन्हा आठवड्याने त्याच काट्यावर तपासा. ३ किलो १०० ते १८० च्या दरम्यान असेल तर पाजताना तिची पकड कशी आहे हे डॉक्टरांना किंवा स्तनपान समुपदेशकाला समोर बसवून दाखवा: स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात आहे का, हनुवटी स्तनाला टेकली आहे का, गिळल्याचा आवाज येतो का, तुम्हाला दुखते का. बहुतेकदा दुरुस्ती तिथेच होते, आणि तीन दिवसांनी पुन्हा वजन करावे. ३ किलो १०० च्या खाली असेल तर त्याच दिवशी बाळाची पूर्ण तपासणी व्हावी आणि वरचे दूध द्यायचे का, किती आणि तुमचेच काढलेले दूध वाटी-चमच्याने देता येईल का, हे तिथेच ठरवावे. आकडा आला की इथे कळवा, मी पुढचे सांगेन.